बारा मिनिटांच्या फिल्मला किती पैसे लागतात?

शॉर्टफिल्म करायची ठरली की विद्यार्थी पहिला फोन कॅमेरा भाड्याने देणाऱ्याला लावतात. एफएक्स थ्री घ्यायचा की ब्लॅकमॅजिक, या वादात कॅन्टीनमधल्या कितीतरी संध्याकाळी जातात. खर्चाच्या कागदावर मात्र कॅमेऱ्याचा वाटा जेमतेम दहावा असतो. बाकीचे पैसे जेवण, टेम्पो, लाइट, साउंड, जागा आणि शूटनंतरची कामं यांत जातात. त्यांचा विचार आधी झालेला नसतो, म्हणून शूट पूर्ण झालेली फिल्म वर्षानुवर्षं हार्ड डिस्कमध्ये पडून राहते. हे टाळता येतं, आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

पुण्याच्या एफटीआयआयसारख्या संस्थेत विद्यार्थ्यांच्या फिल्मचा खर्च संस्था ठरावीक चौकटीत उचलते. हा लेख ज्यांच्यामागे अशी संस्था नाही त्यांच्यासाठी आहे. मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला असलेली, नाटकातून आलेली किंवा इंजिनिअरिंग करता करता गोष्ट सांगावीशी वाटणारी मुलंमुली खिशातून, घरातून आणि मित्रांकडून पैसे उभे करतात. एकेक रुपया कुठे जाणार हे त्यांना आधी कळायला हवं.

एक उदाहरण धरू. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात उरलेलं शेवटचं भाडेकरू कुटुंब घर सोडतंय. आजी, तिचा मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. वाड्यातली खोली, चौक आणि रात्री रस्त्यावर उभा असलेला सामानाचा टेम्पो, एवढ्याच जागा. पटकथा बारा पानांची आहे. पटकथेच्या नेहमीच्या मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दिवसाला चार पानं धरली तर तीन दिवसांचं शूट होतं. नवख्या टीमने याहून जास्त पानांचा हट्ट धरू नये. चार कलाकार आणि दिग्दर्शकापासून स्पॉटदादापर्यंत तंत्र-मदतनीस मिळून सेटवर अठरा माणसं असतील.

खाली दिलेले दर पुण्यातले आणि ढोबळ आहेत. मोसम, शहर आणि ओळख यांप्रमाणे ते बरेच मागेपुढे होतात, म्हणून तीन ठिकाणी विचारूनच आकडा पक्का करा.

कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड आणि मॉनिटर मिळून दिवसाला ५,००० धरले तर तीन दिवसांचे १५,००० होतात. लाइटचं सामान दिवसाला ३,००० आणि दोन लाइटमनचे प्रत्येकी १,०००, म्हणजे आणखी १५,०००. साउंड रेकॉर्डिस्ट आपला रेकॉर्डर, बूम आणि कॉलर माइक घेऊन येतो. त्याचे दिवसाला ४,५०० प्रमाणे १३,५००. अठरा जणांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि चहा माणशी ३०० रुपयांत बसवला तर १६,२०० लागतात. जेवणाची रक्कम कॅमेऱ्याच्या भाड्यापेक्षा मोठी आहे, हे लक्षात घ्या. टेम्पो, पेट्रोल आणि रात्री उशिरा लोकांना घरी सोडणं मिळून ७,५००. वाड्याचं भाडं आणि वीज ९,०००. कलादिग्दर्शन आणि कपडे ८,०००. कलाकारांचं मानधन १०,०००. स्पॉटदादा ३,०००. दोन हार्ड डिस्क १०,०००. अर्ज, झेरॉक्स, प्रथमोपचाराची पेटी आणि किरकोळ खर्च २,०००.

शूट इथे संपतं, पण फिल्म अजून झालेली नसते. साउंड डिझाइन आणि मिक्सिंगला १८,०००, कलरला ८,०००, संगीताला ७,००० आणि सबटायटल्स-पोस्टरला ३,००० असे पोस्टचे ३६,००० होतात. महोत्सवांच्या प्रवेशशुल्कासाठी १२,००० बाजूला ठेवले. कॅमेरा आणि लाइटचं कोटेशन बहुतेक वेळा जीएसटीशिवाय येतं. २४,००० रुपयांच्या भाड्यावर १८ टक्क्यांनी ४,३२० वाढले. एकूण १,६१,५२०. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला धरले की आकडा १,७७,६७२ वर जातो. म्हणजे पावणेदोन लाखांच्या थोडा वर.

हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. तो फोडून पाहिला की कुठे हात घालायचा ते दिसतं. यातला शूटचा एक दिवस किती रुपयांचा? कॅमेरा, लाइट, साउंड, जेवण, प्रवास, जागा, स्पॉटदादा आणि कर मिळून २७,८४०. दिवसाला चार पानं होतात, म्हणजे पटकथेचं प्रत्येक पान साधारण सात हजारांचं आहे. म्हणून खर्च कमी करायची पहिली जागा लेखकाचं टेबल आहे. सून शेजारणीला जिन्यात भेटते तो पाऊण पानाचा प्रसंग खरंच हवा आहे का? तो काढल्यावर गोष्ट लंगडते का? नसेल तर काढा. बारा पानं आठ झाली की एक अख्खा दिवस वाचतो. मुद्दाम फक्त खोलीत घडणारी गोष्ट लिहा असं मी म्हणत नाही. पण पटकथेतले “रात्र, बाहेर, पाऊस” हे तीन शब्द वाढीव लाइट, जनरेटर आणि पाण्याचा टँकर मागतात, हे लिहितानाच ठाऊक असावं.

कमी दिवसांत मोठं काम होऊ शकतं. एफटीआयआयचे विद्यार्थी चिदानंद नाईक यांची ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ ही सोळा मिनिटांची फिल्म २०२४ साली कानच्या ला सिनेफ विभागात पहिली आली. तिच्या शूटला चार दिवस मिळाले होते. तयारी मात्र चार दिवसांची नसते.

तयारी म्हणजे रेकी, आणि रेकी म्हणजे जागेचे फोटो काढून येणं नव्हे. ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी तिथे जाऊन एक तास गप्प बसा. अकरा वाजता समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतात, दुपारी शाळा सुटते, संध्याकाळी देवळात आरती होते, हे सगळं वहीत लिहा. विजेचा बोर्ड पाहा. जुन्या वाड्यातला पाच अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला साधारण १,१५० वॉट झेपवतो. बाजारात ‘सहाशेचा’ म्हणून मिळणारा एक एलईडी लाइट प्रत्यक्षात सातशेच्या पुढे वॉट खेचतो. एकाच पॉइंटवर असे दोन लावले की फ्यूज गेलाच, आणि वायरमन येईपर्यंत अठरा जणांच्या रोजच्या खर्चाचा मीटर चालू राहतो. रेकीला ओळखीच्या वायरमनला पाचशे रुपये देऊन सोबत न्या.

साउंडवर काटकसर करू नका, असं मला सगळ्यात आग्रहाने सांगायचं आहे. किंचित अंधारलेली फ्रेम प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही की तो फिल्ममधून बाहेर पडतो. ‘नंतर डबिंग करू’ हा सल्ला स्वस्त वाटतो, पण स्टुडिओचं ताशी भाडं, कलाकारांना पुन्हा बोलावणं आणि सात वर्षांच्या मुलाकडून ओठांना जुळणारं बोलून घेणं यांची बेरीज रेकॉर्डिस्टच्या पैशांहून जास्त भरते. पैसे खरोखरच कमी असतील तर कॅमेरा फोनचा घ्या, पण बूम धरणारा माणूस ठेवा. शूटच्या खोलीतला फ्रिज आणि पंखा बंद करा, आणि फ्रिजमध्ये आपल्या गाडीची किल्ली ठेवा. पॅकअपला किल्ली शोधताना फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण होते आणि घरमालकाचं दूध नासत नाही. प्रत्येक जागेवर सगळे गप्प उभे राहून एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. त्याला पैसे पडत नाहीत आणि एडिटला सोन्यासारखा उपयोगी पडतो.

तारखा ठरवताना पुण्याचं पंचांग पाहावं लागतं. जुलै ते सप्टेंबर पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे दिवस असतात. कॉलेजांतले चांगले नट-नट्या तालमींत अडकलेले असतात. गणपतीआधी नदीकाठी आणि मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव संध्याकाळभर चालतो, त्यामुळे मध्यवस्तीत संवाद रेकॉर्ड करणं कठीण होतं. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की कॅमेरे आणि लेन्स लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडे जातात आणि शनिवार-रविवारचे दर चढतात. त्या मोसमात मंगळवार ते गुरुवार शूट ठेवलं तर घासाघीस करता येते. करंडकाच्या फेऱ्या मात्र जरूर पाहा. तुमच्या आजीची भूमिका करणारी एकोणीस वर्षांची मुलगी तिथे सापडणार नाही, पण मुलगा आणि सून नक्की सापडतील. आजीसाठी हौशी नाट्यसंस्थांतल्या ज्येष्ठ बाईंना भेटा. पूर्ण पटकथा द्या, मानधनाचा आकडा स्वतःहून सांगा आणि घरी नेण्या-आणण्याची सोय करा.

सामान भाड्याने घेताना लग्नाच्या दागिन्यांइतकी काळजी घ्यावी. ताब्यात घेतानाच दुकानात उभं राहून प्रत्येक वस्तूचा व्हिडिओ काढा. लेन्सच्या काचा, बॅटऱ्या, कार्ड, सीरियल नंबर सगळं त्यात दिसू द्या. भाडं बारा तासांचं आहे की चोवीस तासांचं, आदल्या संध्याकाळी नेलं तर जादा पैसे पडतात का, उशीर झाल्यास काय आकार आणि मोडतोड झाल्यास किती, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. डिपॉझिट रोख दिलं तर पावती मागा. बिल विद्यार्थी म्हणून स्वतःच्या नावाने घ्या. विनाकारण डिपॉझिट अडकवून ठेवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तिथे हाच व्हिडिओ आणि पावती कामाला येते.

परवानग्या मुलं फार हलक्यात घेतात. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांत मालक-भाडेकरू वाद चालू आहेत. एकाचाच होकार घेतलात तर दुसरा शूट थांबवू शकतो, म्हणून दोघांची सही असलेलं पत्र घ्या. रस्त्यावर टेम्पो उभा करून लाइट लावायचे तर स्थानिक पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखा यांना अर्ज द्यावा लागतो. त्याला महाविद्यालयाच्या लेटरहेडवरचं पत्र जोडलं की काम पुष्कळ सोपं होतं. सरकारी जागांसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची ऑनलाइन एक खिडकी व्यवस्था आहे. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथली परवानगी आणि शुल्क वेगळं. ड्रोनचा मोह असेल तर आधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्याने पुण्याच्या मोठ्या भागात मनाप्रमाणे ड्रोन उडवता येत नाही. नातवाचं काम करणाऱ्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कायद्याप्रमाणे त्याला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याचे प्रसंग सकाळी लावा आणि आई किंवा वडील सेटवर हवेतच. गोष्टीत मांजर किंवा कुत्रा असेल तर पशुकल्याण मंडळाची परवानगी आलीच. ते कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे आणि उत्तर यायला वेळ लागतो. शक्य असेल तर मांजराचा फक्त आवाज ठेवा.

हक्कांचा खर्च आधी कुणालाच दिसत नाही. जी. ए. कुलकर्णींच्या कथेवर फिल्म करायची इच्छा अनेकांना होते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालू असतो आणि जी. ए. १९८७ साली गेले, म्हणजे वारसांची लेखी परवानगी हवीच. अण्णाभाऊ साठ्यांचं निधन १९६९ सालचं, तेव्हा तिथेही तेच. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन आता खुलं आहे. तुकोबांच्या अभंगांचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण तुम्ही यूट्यूबवर ऐकलेली चाल संगीतकाराची असू शकते आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. रेडिओवर जुनं गाणं वाजतंय असा प्रसंग लिहिलात तर त्या दहा सेकंदांची किंमत सगळ्या शूटपेक्षा जास्त होऊ शकते. मित्राकडून नवी चाल बांधून घ्या, आणि त्याने हक्क दिल्याचं पत्रही घ्या. आपल्या कायद्यात फिल्मचा पहिला मालक निर्माता असतो. पाच मित्रांनी पैसे घातले असतील तर निर्माता कोण, बक्षिसाची रक्कम कशी वाटायची आणि कुणाचं नाव कुठे, हे शूटआधी एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. यश आल्यावर हा कागद करणं फार अवघड जातं.

आता पैसे आणायचे कुठून? पहिली भर घालायची ती वस्तूंच्या रूपात. विभागाचा कॅमेरा आणि लाइट मिळाले तर आपल्या उदाहरणातले भाड्याचे २४,००० आणि त्यावरचा कर वाचतो. ओळखीच्या खाणावळवाल्यांनी तीन दिवसांचं जेवण निम्म्या दरात दिलं तर ८,१००. कुणाच्या मावशीकडे जुनी लाकडी कपाटं, पितळी भांडी असतात. एडिट स्वतः करा. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विद्यार्थी फिल्मला पुरेशी आहे. थिएटरसाठी लागणारी डीसीपी फाइल डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर बनते. एवढं केलं आणि पटकथा दोन दिवसांची केली तर हीच फिल्म एक लाख रुपयांच्या आसपास येते.

लाइटमन, स्पॉटदादा आणि टेम्पोवाले यांच्याकडून मात्र फुकट किंवा अर्ध्या पैशांत काम करून घेऊ नका. मित्र हौसेने राबतात, कारण फिल्म त्यांचीही असते. या लोकांचं घर रोजच्या कमाईवर चालतं. त्यांचे पैसे पॅकअपच्या वेळी हातात द्या.

उरलेली रक्कम माणसांकडून मागायची. त्यासाठी एका पानाची गोष्ट, एका पानाचं बजेट आणि तुमचं आधीचं काही काम, एवढं पाठवा. “जमेल तेवढे द्या” असं म्हणण्यापेक्षा “एका दिवसाच्या जेवणाचे ५,४०० तुम्ही द्याल का?” असं विचारा. देणाऱ्याला आपण काय दिलं हे कळतं. क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर जाणार असाल तर ते किती टक्के कापून घेतात आणि लक्ष्य गाठलं नाही तर पैसे मिळतात की परत जातात, हे आधी वाचा.

इथे कराचा एक नियम माहीत हवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात भेट म्हणून आलेले पैसे ५०,००० रुपयांच्या वर गेले की ती सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. कायद्याच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांचे जोडीदार नातेवाईक आहेत. मामेभाऊ आणि चुलतबहीण नाहीत. बहुतेक विद्यार्थ्यांचं उत्पन्न करमर्यादेखाली असल्याने प्रत्यक्ष कर भरावा लागेलच असं नाही, पण नोंद चोख हवी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओळखीच्या माणसाने पैसे देऊ केले तर विदेशी योगदानाचा कायदा मध्ये येतो. स्वीकारण्याआधी सीएला विचारा. फिल्मसाठी वेगळं बचत खातं उघडा, सगळी देवाणघेवाण त्यातूनच करा. क्रेडिट कार्ड किंवा ॲपवरचं कर्ज काढून शूट करू नका. शॉर्टफिल्मचे पैसे परत येण्याचा कुठलाही खात्रीचा रस्ता नाही.

महोत्सवांचे १२,००० हुशारीने वापरा. फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळांवर एका प्रवेशिकेला साधारण हजारापासून चार हजारांपर्यंत शुल्क पडतं. लवकरच्या मुदतीत आणि विद्यार्थी सवलतीत ते बरंच उतरतं. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे, पण कुठल्याच थिएटरमध्ये फिल्म न दाखवणारे महोत्सव तिथे पुष्कळ आहेत. गेल्या वर्षीचं वेळापत्रक, थिएटरचं नाव आणि परीक्षकांची नावं दिसत नसतील तर पैसे भरू नका. मुंबईचा मिफ १९९० पासून माहितीपट आणि लघुपटांसाठी भरतो, दर दोन वर्षांनी, आणि त्यात विद्यार्थ्यांच्या फिल्मसाठी वेगळा पुरस्कार आहे. गोव्याच्या इफ्फीत २०२१ पासून तरुणांसाठी ‘क्रिएटिव्ह माइंड्स’ हा उपक्रम चालतो. फिल्म यूट्यूबवर टाकायची घाई करू नका, कारण अनेक महोत्सव आधी कुठेही न दाखवलेलीच फिल्म घेतात.

क्लॅप पडण्यापूर्वी पोस्टचे ३६,००० खात्यात वेगळे पडलेले असू द्या. ते जमले नसतील तर शूटची तारीख पुढे ढकला. फिल्म पूर्ण झाली की ज्या ज्या माणसाने पैसे, कपाट किंवा एक दिवसाचं जेवण दिलं, त्याला खर्चाचा कागद आणि फिल्मची पासवर्ड असलेली लिंक एकाच दिवशी पाठवा.